आमच्या फ्रीझरमधले प्रोटीन मार्कर

ऑगस्टातल्या प्रॅक्टिकलला एम.एस्सी.च्या एका मुलीने सोयाबीनमध्ये नवीनच प्रोटीन शोधून काढलं. २५ किलोडाल्टनचं (हे प्रोटीनच्या वजनाचं माप). जेल सुरेख आलं होतं (जेल म्हणजे प्रोटीन्स वजनानुसार वेगळी करणारा पातळ थर, त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे बँड). बँड सुईने ओढल्यासारखे, मागचा निळा रंग पूर्ण सुटलेला. "मॅडम, सोयाबीनमधल्या ग्लायसिनिनचा अॅसिडिक भाग ३५च्या आसपास यायला हवा ना? माझा तर २५ला आलाय. आणि खालचा, २०चा, तो १७-१८ला."

मी ट्रे लाइट बॉक्सवर ठेवला, चष्मा लावला, दोनदा मोजलं. मग सहज भिंतीकडे नजर गेली आणि अंगावर काटा आला. भिंतीवर चिकटवलेलं कार्ड दुसऱ्याच मार्करचं होतं. मार्कर म्हणजे वजन माहीत असलेल्या प्रोटीनांचं मिश्रण, जेलवरची मोजपट्टी, आणि कार्ड म्हणजे तिचे आकडे.

कार्डावरच्या मार्करला दहा बँड, जेलमधल्यालाही दहाच. कार्डावर वरून चौथा बँड लाल, ७५चा. जेलमध्ये वरून चौथा नारिंगी. मुलीने तो लालसर बँड धरला आणि तिथून खाली उतरत गेली: ७५, ५०, ३७, २५, २०, १५, १०. प्रत्यक्षात त्या दिवशी फ्रीझरमधून निघाली होती पेजरूलर प्रीस्टेन्डची व्हायल, आणि तिचे आकडे नारिंगीपासून खाली ७०, ५५, ४०, ३५, २५, १५, १० असे जातात. वरती फरक पाचाचा, म्हणून संशय येत नाही. तिसऱ्या पायरीवर मात्र ३५चे २५ होतात. तळाशी १५ आणि १० पुन्हा जुळतात, म्हणजे चोर दोन्ही टोकांना सज्जन. कार्ड होतं बायो-रॅडच्या प्रिसिजन प्लस ड्युअल कलरचं. त्यात ७५ आणि २५ हे दोन बँड लाल असतात. पेजरूलरमध्ये नारिंगी एकच, आणि सगळ्यांत खालचा १०चा हिरवा. तो हिरवा कोणी पाहिला असता तर तिथेच भांडं फुटलं असतं. पण कार्ड मीच चिकटवलेलं, चार वर्षांपूर्वी, सेलोटेपने. तिला काय बोलणार?

तेव्हाच ठरवलं की मार्करबद्दल एकदा सविस्तर लिहायचं. मोबाइलचं कव्हर घ्यायचं तरी लोक पन्नास रिव्ह्यू वाचतात, आणि लॅबमध्ये हजारो रुपयांची इवलीशी व्हायल "मागच्या वेळी कुठली होती? तीच मागवा" एवढ्यावर येते.

माझी ओळख एवढीच, की पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सहा वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट होते, रोज वेस्टर्न ब्लॉट (जेलमधलं प्रोटीन मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवून अँटिबॉडीने ओळखायचं). त्यानंतर लातूरला आले, आणि आता बरीच वर्षं इथल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. पुण्यात एक मार्कर संपायच्या आत दुसरा यायचा. इथे वर्षाला एक व्हायल, तीही मार्च एंडच्या आत बिल लागलं तर. त्यामुळे मार्कर उधळणं आणि मार्कर पुरवून वापरणं, दोन्ही मला चांगलं येतं.

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. प्रोटीन एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळलं की त्याची घडी उलगडते आणि दर ग्रॅम प्रोटीनला साधारण १.४ ग्रॅम एसडीएस चिकटून सगळ्यांवर ऋण भार चढतो. मग पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलमधून करंट सोडला की लहान रेणू सटासट खाली उतरतात, मोठे वरच रेंगाळतात. शेजारच्या वेलमध्ये (जेलच्या वरच्या कडेच्या खाचेत) वजन माहीत असलेली प्रोटीन्स सोडायची आणि आपला बँड कोणाच्या पंगतीला बसलाय ते पाहायचं. ती पंगत म्हणजे मार्कर, किंवा लॅडर. १९६९ साली वेबर आणि ऑस्बॉर्न यांनी ४० प्रोटीन्स चालवून दाखवलं की वजनाचा लॉग आणि बँडने कापलेलं अंतर यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेचं आहे. पुढच्याच वर्षी लेम्लीची पद्धत आली आणि आजही आमच्या बाटल्यांवर "लेम्ली बफर" असंच लिहिलेलं असतं. तेव्हा रेडीमेड मार्कर कुठले? लोक शुद्ध प्रोटीन्सच्या बाटल्या आणून स्वतः मिसळत.

आता खरेदीचा पहिला प्रश्न: रंगीत घ्यायचा की बिनरंगाचा?

रंगीत, म्हणजे प्रीस्टेन्ड, सगळ्यांना आवडतो, मलाही. जेल चालू असताना बँड सुटे होत जाताना दिसतात. पहिल्यांदा जेल लावणाऱ्या मुलांचे चेहरे बघावेत तेव्हा. टँकभोवती गणपती बघायला जमल्यासारखी गर्दी. कुठे थांबायचं ते कळतं, जेल उलटं झालं तर कळतं, आणि ब्लॉट करताना प्रोटीन मेंब्रेनवर गेलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. पुण्यात रात्री साडेदहाला ट्रान्स्फर उघडायचा आणि मेंब्रेनवर रंगीत रांग पाहून हायसं वाटायचं. कधी वरचा १८०चा बँड जेलमध्येच बसलेला असायचा, म्हणजे अजून वेळ द्यायला हवा होता. कधी १०चा मेंब्रेनच्याही पलीकडे निघून गेलेला असायचा, म्हणजे ०.४५ऐवजी ०.२ मायक्रॉनचा मेंब्रेन घ्यायला हवा होता. हे सांगणारा दुसरा कोणी त्या वेळी लॅबमध्ये नसतो.

पण वजन मोजायला रंगीत मार्कर वापरू नका. निदान त्याच्यावर शपथ घेऊ नका. रंगाचे रेणू प्रोटीनला पक्के जोडलेले असतात, बहुधा लायसिनच्या जागांवर, आणि प्रत्येक रेणूला सारखेच जोडले जातील असं नाही. त्यामुळे बँड थोडा जाड, कडा मऊ, आणि मूळ जागेवरून सरकलेला. कंपनी तो बिनरंगाच्या मार्करशी ताडून "दिसणारं वजन" छापते. ते वजन त्या जेलपुरतं, त्या बफरपुरतं. सीब्लू प्लस२ या रंगीत मार्करच्या तक्त्यात सगळ्यांत वरचा मायोसिनचा बँड ट्रिस-ग्लायसिन जेलमध्ये २५० लिहिलाय, आणि बिस-ट्रिस जेल एमईएस बफरमध्ये चालवलं तर १८८. व्हायल तीच, थेंब तोच. मला उलट हे आवडतं, की त्यांनी प्रत्येक बफरचा वेगळा रकाना छापलाय. रकाना न बघता पहिला आकडा उचलणारे आपण.

पेजरूलरचंही तसंच. फर्मेंटास ही कंपनी तो बनवायची त्या दिवसांतल्या जुन्या कार्डावर १७०, १३०, ९५, ७२, ५५, ४३, ३४, २६, १७, १० असे आकडे होते. आताच्या कार्डावर वरचा १८० झालाय आणि बाकीचे बरेचसे गोल झालेत. दहा वर्षांपूर्वीच्या थीसिसमधलं जेल आणि आजचं जेल शेजारी ठेवून "दोन किलोडाल्टनचा फरक का?" असं विचारणाऱ्याने आधी कार्डांची वर्षं बघावीत.

आणि समजा मार्कर अगदी देवासारखा खरा निघाला, तरी आपलं प्रोटीन खरं बोलेलच असं नाही. पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनचं उदाहरण मी दरवर्षी देते. १९७९ साली ते सापडलं तेव्हा जेलवर ५३ला दिसलं, म्हणून नाव पी५३. पुढे क्रम कळला: ३९३ अमिनो आम्लं, वजन ४३.७. प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलमधून रमतगमत जातं. नाव एकदा पडलं ते पडलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, आधार कार्डावरच्या जन्मतारखेसारखं."

तर वजनासाठी बिनरंगाचा. आमच्याकडे जो आहे तो साध्या सहा प्रोटीनांचा, मिडियम रेंज म्हणून बऱ्याच कंपन्या विकतात तसा: फॉस्फोरिलेज-बी ९७.४, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन ६६, ओव्हाल्ब्युमिन ४३, कार्बॉनिक अनहायड्रेज २९, सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटर २०.१, लायसोझाइम १४.३. रंगीबेरंगी दहा बँडांच्या शेजारी हा गरीब दिसतो. कूमासी हा निळा रंग मारून, धुऊन होईपर्यंत काहीच दिसत नाही. पण मला हा फार आवडतो, कारण यात खोटं काही नाही. सशाचा स्नायू, गाईचं रक्त, कोंबडीचं अंडं आणि सोयाबीन. पाचवा बँड दाखवून मी मुलांना सांगते, हा आपल्या आडतीत पोत्यांनी पडतो तोच. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना का घालत नाहीत? याच्यामुळे, हा त्यांच्या पोटातल्या ट्रिप्सिनला धरून बसतो. ज्या पोरांच्या घरी चार एकर सोयाबीन आहे ती एकदम ताठ बसतात.

दुसरा प्रश्न रेंजचा, आणि इथे लोक हमखास फसतात. १०पासून २५०पर्यंत मार्कर मिळतोय, मग कमी कशाला घ्यायचा? अहो, पण जेल किती टक्क्यांचं लावणार आहात? आमचं १२ टक्क्यांचं. त्यात २५०, १५०, १३० सगळे वरच्या कडेला एकावर एक चढून बसतात, लोकलच्या दारासारखे. त्या बँडांचे पैसे वाया. १५ टक्क्यांच्या जेलमध्ये वरचा अर्धा मार्कर असाच एका रेघेत जातो. ८ टक्क्यांचं लावलं तर १० आणि १५ डाय फ्रंटबरोबर (सगळ्यांत पुढे धावणाऱ्या रंगाच्या रेघेबरोबर) पळतात. बँड किती आहेत हे विचारू नका. तुमचं प्रोटीन जिथे येणार आहे त्याच्या थोडं वर एक आणि थोडं खाली एक आहे का, तेवढं बघा.

आमच्या सोयाबीनचंच घ्या. ७एस म्हणजे बीटा-कॉनग्लायसिनिन, त्याचे दोन उपघटक ७०च्या आजूबाजूला आणि एक ५०च्या. ११एस म्हणजे ग्लायसिनिन, त्याचा अॅसिडिक भाग ३५च्या आसपास आणि बेसिक भाग २०च्या. म्हणजे मला १५ ते ८० एवढाच टापू हवा, आणि त्यातही ३० ते ४०मध्ये दाटी हवी. पेजरूलरला ४० आणि ३५ दोन्ही आहेत हे इथे कामी येतं. ड्युअल कलरला ३७ आणि मग थेट २५, पण २०चा बँड आहे, जो बेसिक भागाच्या अगदी शेजारी बसतो. दोन्ही चांगले. दोघांतला एकच निवडायचा तर मी या प्रॅक्टिकलसाठी ड्युअल कलर निवडेन, त्या २०साठी. कार्ड त्याचंच लावून.

ग्लायसिनिनची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. त्याचे हे दोन भाग डायसल्फाइड बंधाने जोडलेले असतात. मर्कॅप्टोइथेनॉल घातलं की सुटतात. मागच्या वर्षी एका गटाचं जेल आलं तर ३५ गायब, २० गायब, आणि ५५-६०च्या पट्ट्यात भलामोठा ठोकळा. मार्कर मात्र ठणठणीत. मुलांचं म्हणणं, मार्कर बरोबर आलाय म्हणजे जेल बरोबर आहे, सोयाबीनच वेगळं असेल. मी फक्त सॅम्पल बफरची (ज्यात सॅम्पल उकळतात त्या द्रवाची) ट्यूब उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. काही वास नाही. मर्कॅप्टोइथेनॉल घालायचंच राहिलं होतं, आणि ज्या बफरला सडक्या अंड्याचा वास येत नाही तो बफर पुरा झालेला नाही. मार्कर कंपनीतूनच तयार होऊन येतो. तो ठीक दिसला म्हणजे जेल ठीक, करंट ठीक. तुमच्या सॅम्पलची हमी तो घेत नाही.

आता तक्रार. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी स्वस्त पडतोय म्हणून एक रंगीत मार्कर मागवला. शुक्रवारी निघालेलं पार्सल मंगळवारी पोचलं, मे महिना, लातूर. थर्मोकोलचा डबा उघडला तर आतले जेल पॅक पाण्याच्या पिशव्यांसारखे लुळे, आणि व्हायल कोमट. तरी लावून पाहिला. वरचे दोन बँड नाहीतच, मधले धुरकट, तळाशी निळा चिखल. फोन केला तर पलीकडून, "मॅडम, तुमचं जेल चुकलं असेल." हे वाक्य मी पुण्यापासून ऐकतेय. मग मी काय केलं, तर एकाच जेलवर एका वेलमध्ये त्यांचा मार्कर, शेजारी आमचा जुना, तारीख उलटून गेलेला. फोटो काढून पाठवला. जुना झकास, नवा चिखल. आठ दिवसांत दुसरी व्हायल आली, या वेळी बर्फ बर्फासारखा होता. त्यामुळे एक सवय लावून घ्या: नवी व्हायल आली की त्याच आठवड्यात जुनीच्या शेजारी चालवा, जुनी संपायच्या आत. आणि पार्सल सोमवारीच पाठवा म्हणून ऑर्डरमध्ये लिहा.

ठेवण्याबद्दल. उणे २०, आणि आल्याबरोबर लहान ट्यूबमध्ये वाटून ठेवायचा. मी ५० मायक्रोलिटरचे भाग करते. ग्लिसरॉल असल्याने बरेच मार्कर उणे २०ला घट्ट गोठतही नाहीत, पण रोज बाहेर काढून टेबलावर विसरणं त्यांना सोसत नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःला गरम करतो, आणि आपला मार्कर मधल्या मधे उठाबशा काढतो. तयार रंगीत मार्कर उकळायचा नसतो. हे दर बॅचला सांगावं लागतं, कारण मुलं सगळ्या ट्यूब एकत्र ९५ अंशांच्या ब्लॉकमध्ये खोचतात आणि त्यांत मार्करही जातो.

किती लावायचा? कार्डावर ५ किंवा १० मायक्रोलिटर लिहिलेलं असतं. ५०० मायक्रोलिटरचा पॅक, पाचच्या हिशेबाने शंभर वेल. मी मिनी जेलला ३ लावते आणि वर २ मायक्रोलिटर सॅम्पल बफर घालते, म्हणजे शंभराचे दीडशेच्या वर होतात. बँड फिके येतात, पण दिसतात. सिल्व्हर स्टेन (चांदीने बँड रंगवायची जास्त संवेदनशील पद्धत) करणार असाल तर याहून बराच कमी घ्या, नाहीतर मार्करची लेन काजळ फासल्यासारखी होते.

वेल कुठला, हेही महत्त्वाचं. मधोमध लावू नका. एका कडेपासून दुसरा वेल, बस. दोन्ही बाजूंना सारखा लावला तर जेल उलटं धरल्यावर सुलट-उलट कळत नाही. मी पुण्यात असताना एका संध्याकाळी आख्खा ब्लॉट आरशातल्यासारखा वाचला होता, आणि कंट्रोलमध्ये जास्त, सॅम्पलमध्ये कमी म्हणून सरांना फोनही केला होता. तेव्हापासून जेलचा पहिल्या वेलकडचा कोपरा ब्लेडने छाटते. शेजारचा वेल रिकामा असेल तर त्यात नुसता सॅम्पल बफर भरा. रिकाम्या वेलकडे मार्कर पसरतो आणि बँड खालच्या बाजूला फेंगडे होतात. शेजारी मीठ जास्त असलेलं सॅम्पल असेल तरीही तेच.

वेस्टर्नवाल्यांसाठी दोन ओळी. केमिल्युमिनेसन्सच्या (अँटिबॉडीपाशी रासायनिक क्रियेने निघणारा प्रकाश टिपणाऱ्या) फिल्मवर रंगीत मार्कर उमटत नाही. मेंब्रेनवर दिसतो, फिल्म कोरी, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पेनाने खुणा करत बसायचं. मॅजिकमार्क एक्सपीसारखा मार्कर असेल तर त्यातली प्रोटीन्सच अँटिबॉडी धरतात आणि बँड फिल्मवर आपोआप येतात. चैन आहे, पण पुण्याची. आम्ही इथे वर्षातून दोनच ब्लॉट करतो, पेन पुरतं. निळ्या रंगाचे काही मार्कर लालच्या पलीकडच्या चॅनेलमध्ये स्वतःच चमकतात, फ्लुओरेसन्ट ब्लॉट करणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

त्या मुलीच्या जेलचं पुढे काय झालं ते राहिलंच. आम्ही उरलेलं सॅम्पल सहा प्रोटीनांच्या मार्करशेजारी पुन्हा चालवलं. डाय फ्रंट ६० मिलिमीटरवर, ओव्हाल्ब्युमिन २८वर, कार्बॉनिक अनहायड्रेज ३६च्या थोडं पुढे. तिचा बँड ३१वर. ३१ भागिले ६०, आरएफ ०.५२. तिने सेमीलॉग कागदावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि आकडा वाचला: ३७. "पण ३५ नाही ना आला, मॅडम." म्हटलं बाई, जेलवर पाच-दहा टक्के इकडे-तिकडे म्हणजे बरोबरच. जर्नलमध्ये "सुमारे ३७" असं लिही, आणि मार्करचं नाव, जेलचा टक्का, बफर तिन्ही लिही. नुसता आकडा लिहिलास तर सही नाही करणार.

आणि आता माझा सगळ्यांत लाडका मार्कर, ज्याला कार्डच नाही. कोंबडीचं अंडं.

२०१६च्या उन्हाळ्याची गोष्ट. त्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, आणि डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालवायचं म्हणजे एक लिटरसाठी कितीतरी लिटर पाणी नळातून मोरीत सोडायचं. कोणाच्या तोंडाने सांगणार? जेल कमी केले, आणि डिस्टेन (जेलमधला जादा रंग काढायचा द्रव) पुन्हा पुन्हा वापरला: टिश्यू पेपरच्या गाठी मारून ट्रेमध्ये टाकायच्या, त्या कूमासी शोषून घेतात, द्रव परत स्वच्छ. त्यातच मार्कर संपला. ग्रँट नाही. तेव्हा अंडं आठवलं, कारण ओव्हाल्ब्युमिन आणि लायसोझाइम शेवटी येतात कुठून?

करायचं असं. अंड्याचा फक्त पांढरा घ्यायचा, कात्रीने जरा कापून सैल करायचा, नाहीतर पिपेटमध्ये शेंबडासारखा ओढला जातो. एक भाग पांढरा, ४९ भाग पाणी. हे आणि दुप्पट तीव्रतेचा सॅम्पल बफर निम्मे-निम्मे, पाच मिनिटं उकळायचं. ब्रॅडफर्डसाठी (प्रोटीन किती आहे ते मोजायच्या चाचणीसाठी) आणलेल्या बीएसएचा, म्हणजे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनचा, एक थेंब त्यात. १० मायक्रोलिटर लावायचं. १२ टक्क्यांच्या जेलवर वरून ओव्होट्रान्सफेरिन ७६ ते ७८, मग बीएसए ६६, मग ४५च्या आसपास ओव्हाल्ब्युमिनचा दांडगा बँड, आणि तळाशी १४.३चं लायसोझाइम, बारीक पण नेमकं. मध्ये ३०-४०च्या दरम्यान ओव्होम्युकॉइडची पुसट धूसर पट्टी येते. ती साखर चिकटलेल्या प्रोटीनची सवयच, तिच्यावरून वजन काढू नये. ओव्हाल्ब्युमिनलाही साखर आहे, म्हणून कोणी त्याला ४३ छापतं, कोणी ४५.

तोटा उघड आहे: ४५ ते १४ मधला सगळा माळ रिकामा, म्हणजे नेमका आमच्या ग्लायसिनिनचा टापू. संशोधनाला हे चालणार नाही, आणि कोणी पेपरात "मार्कर: अंडं" लिहिलं तर रिव्ह्यूअर हसेल. पण शिकवायला याच्यासारखं काही नाही. मुलांना मार्कर म्हणजे कंपनीतून येणारं निळं पाणी वाटत नाही, प्रोटीन वाटतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने २०२१ साली १०, १५, २०, ३०, ४०, ५०, ६०, ८० आणि १०० किलोडाल्टनच्या मार्कर प्रोटीनांसाठी प्लास्मिड्स (डीएनएची छोटी वर्तुळं) जाहीर केली. बॅक्टेरियात घालून प्रोटीन स्वतः बनवा, जन्मभर पुरवा. ती मागवून एखाद्या बॅचकडून बनवून घ्यायचा माझा विचार आहे. प्रोजेक्टही होईल, मार्करही.

या वर्षीच्या मागणीपत्रात मी लिहिलंय: ड्युअल कलर एक पॅक, सहा प्रोटीनांचा बिनरंगाचा एक, अंडी एक डझन. पहिल्या दोन ओळींवर टिकमार्क आला. तिसरी ओळ हिशेब विभागातून लाल रेघ मारून परत आली, शेरा होता "किराणा माल प्रयोगशाळा खर्चात बसत नाही". म्हणून अंडी मी घरून आणते, स्टाफरूममध्ये फोडते, पांढरा बाटलीत, आणि बलक शिपाईमामा डब्यात घेऊन जातात. भिंतीवरचं कार्ड काढलं. आता प्रत्येक ट्यूबच्या डब्याच्या झाकणालाच तिचं कार्ड चिकटवलंय, आणि त्या मुलीने भिंतीवरच्या सेलोटेपच्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "इथे कार्ड लावू नये."